वडिलांची १९७१ ची एफसी पिकअप विकायची आहे. खर्च धरायचा की बाजारभाव?

पलूसकर_धाकटा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमच्याकडे महिंद्राची एफसी-१५० पिकअप आहे, १९७१ ची. चपट्या तोंडाची, बोनेट नसलेली. आधी एका साखर कारखान्याकडे होती. तात्यांनी म्हणजे वडिलांनी १९८७ च्या लिलावात घेतली आणि पुढची पंचवीस वर्षं द्राक्षं, बेदाणा, हळद, खत, पाहुणे, सगळं तिच्यातून वाहिलं. नंतर ती शेडमध्येच होती. २०२१ मध्ये तात्या गेले. मागच्या वर्षी मी हौसेनं तिचं काम काढलं. इंजिन ८५ हजार, पत्रा आणि बॉडी १ लाख ४०, रंग ६० (मूळची करडी होती, आता गडद हिरवी), एकतीस इंची रुंद टायर आणि रिम ४८, पॉवर स्टेअरिंग ३५, हौद्याला सागवानी फळ्या आणि सीटा मिळून ३२. झाले चार लाख. मजुरीची उधळमाधळ यात धरलेली नाही.

आता धाकट्या मुलीच्या कॉलेजची फी आहे, शेडची जागाही हवी आहे. साडेसहा लाख सांगितले. ज्यांना खरंच घ्यायची आहे ते सव्वादोनच्या वर सरकत नाहीत. बाकीचे रोज विचारतात, "लास्ट किती?" गाडी न बघता, मॉडेल न विचारता, लास्ट किती!

नेमकी किंमत कशी काढतात? जुन्या गाड्यांना म्हणे लाखो रुपये मिळतात. मग मला का मिळत नाहीत?

भडंग
लास्ट किती?

पलूसकर_धाकटा
@भडंग, तुम्ही समोर असता तर फाळक्याला बांधलं असतं.

उसाचा_फड
एफसी! मालक, फोटो टाका आधी. आमच्या गटात कारखान्याची अशीच होती. शेतकी खात्याचे लोक ऊसनोंदीला तीच घेऊन यायचे. लांबून आवाज आला की आबा म्हणायचे, "आली बघ चपटी." ड्रायव्हर अगदी पुढच्या चाकावर बसल्यासारखा दिसायचा. लहानपणी वाटायचं, हा माणूस गाडीच्या पुढे बसून गाडी ओढतोय.

कमानपाटा
मी कराडात तीस वर्षं जीपगाड्यांचंच काम करतो. धाकटे, राग मानू नका, पण खर्च म्हणजे किंमत नव्हे. लग्नात मांडवाला पाच लाख घातले म्हणून मांडव पाच लाखाला विकत नाही कोणी.

एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. अमेरिकेत विलीजनं १९५६ च्या सुमारास काढली, महिंद्रानं आपल्याकडे १९६५ पासून केली. मूळ इंजिन हरिकेन, चार सिलिंडर, पेट्रोल, २.२ लिटरच्या आसपास. आत घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर सोडणारा ब्लॉकमध्ये, असली अवलाद. इंजिन केबिनमध्येच, दोन सीटच्या मध्ये झाकणाखाली. उन्हाळ्यात डाव्या घोट्याला चटका बसायचा.

तर प्रश्न दोनच. तुमच्या गाडीत मूळ इंजिन आहे का? आणि चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळतो का? रंग, टायर, सागवान नंतर बघू.

पलूसकर_धाकटा
@कमानपाटा दादा, मूळ नाही. डिझेल आहे, पुजोचं. कारखान्यानंच कधीतरी बसवलेलं, तात्यांनी घेतली तेव्हापासून तेच. मी फक्त बोअर-पिस्टन-रिंगा केल्या, पंप दुरुस्त केला.

आणि चटक्याचं म्हणाल तर आई त्या झाकणावर डबा ठेवायची. तासगावच्या सौद्याला जाईपर्यंत भाकरी गरम राहायची.

कमानपाटा
पिजो म्हणजे एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी. इंजिन चांगलं. आमच्या भागातल्या निम्म्या पेट्रोल जीपना त्या काळात तेच बसवलं, कारण पेट्रोल परवडत नव्हतं. पण जुन्या गाड्या जमवणारा माणूस झाकण उघडून हे बघणार आणि चहा न घेता परत जाणार. त्याला हरिकेन पाहिजे. तुमची गाडी त्याची नाही.

घाटमाथा_खानापूर
मला हे "ओरिजिनल, ओरिजिनल" कधीच पटलं नाही. माल वाहायची गाडी आहे ती. जसजसा मोडत गेला तसतसा भाग बदलत गेला, हाच तिचा खरा इतिहास. आमच्याकडच्या ट्रॅक्टरचं तर फक्त नाव मूळ राहिलंय. पिकअपला पॉवर स्टेअरिंग बसवलं तर बिघडलं काय? ज्यानं बिनापॉवरची एफसी भरल्या हौद्यानं बाजारपेठेत वळवलीय त्यानंच यावर बोलावं.

स्पॅनर१३
+१. खांदे निखळतात.

कागदोपत्री
मी सांगलीत वकिली करतो, मोटार अपघाताचे दावे बरेच पाहतो. गाडीतलं फार कळत नाही, कागदातलं थोडं कळतं. म्हणून जरा लांब लिहितो.

एक. धागाकर्त्यांना जी "लाखोंची" जुनी गाडी डोळ्यासमोर आहे, तिच्यासाठी २०२१ मध्ये केंद्रानं वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पुरी, गाडी मूळ स्वरूपात, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा बदल नाही, वापर व्यावसायिक नाही. अशा गाडीला नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं. आणि ती रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर. तुमची गाडी वयानं बसते, पण इंजिन, स्टेअरिंग आणि मालवाहू नोंद पाहता बाकी कशातच बसत नाही.

दोन. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर परवानगी आणि बुकात नोंद हवी. रंग बदलला तर त्याचीही नोंद. रिमबाहेर आलेले टायर हा चौकातल्या हवालदाराचा हक्काचा विषय.

म्हणजे जुनी म्हणून विकायची तर फेरफार आड येतात, फेरफार केलेली म्हणून विकायची तर कायदा आड येतो. गिऱ्हाईक सव्वादोनवर अडतंय ते यामुळे. त्याला गाडी आवडली असेल, पण पुढची कटकट तो किमतीतून वजा करतोय.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बुक कोणाच्या नावावर आहे?

पलूसकर_धाकटा
अजून तात्यांच्याच.

कागदोपत्री
मग तुम्ही ती विकूच शकत नाही, साहेब. मालक वारला की वारसानं तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची असते. उशीर झालाय, दंड भरून होईल. मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद आणि बाकी वारसांची संमती लागेल. बहिणी आहेत?

पलूसकर_धाकटा
दोन. एक इस्लामपूरला, एक पुण्यात.

भडंग
आता धागा रंगणार. बहिणींना साडेसहा सांगितलेत की सव्वादोन?

कंदीपेढा
@भडंग 😂 पण खरंच, आमच्या साताऱ्यात एका पडक्या स्कूटरवरून दोन भाऊ चार वर्षं बोलत नव्हते. शेवटी भंगारवाल्यानं १,८०० दिले.

भडंग
साताऱ्यात अठराशेला पेढे तरी किती येतात म्हणा. भांडण परवडलं.

कंदीपेढा
तुमच्याकडे लोक भांडतच नाहीत, तोंडात कायम चुरमुरे.

सोनकी
मी साताऱ्याची, यवतेश्वरच्या बाजूला माझी छोटी रोपवाटिका आहे. विकणाऱ्यांचं बरंच झालं, आता घेणाऱ्याचंही ऐका.

सहा वर्षांपूर्वी मी एक मॉडिफाय केलेली जीप-पिकअप घेतली होती. गाव सांगत नाही, माणूसही नाही. बघताच प्रेमात पडावं अशी होती. पिवळाधमक रंग, पुढे विंच, हौद्याला नक्षीदार पट्टी. टीटीचे, म्हणजे गाडी नावावर करायचे, फॉर्म सही करून हातात दिले, "ताई, सावकाश करा नावावर, घाई नाही." मीही सावकाशच गेले. आरटीओत चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा घेतला तेव्हा दोन आकडे जुळेनात. साहेबांनी जागा घासून बघितली. मूळ नंबरची पट्टी कापून दुसरी वेल्ड केलेली. बुक एका गाडीचं, गाडी दुसरीच. विकणाऱ्याचा फोन त्या दिवसापासून बंद. पैसे गेलेच, वर आठ महिने जबाब, अर्ज, पंचनामे. नवरा अजून पिवळा रंग दिसला की माझ्याकडे बघतो.

तेव्हापासून मी गाडी आधी खालून बघते. झोपून. साडी असेल तर ड्रेस घालून परत येते, पण झोपते.

कमानपाटा
सोनकीताई, शाब्बास. खाली झोपल्यावर काय बघायचं तेही लिहितो, कोणाला तरी उपयोगी पडेल.

चेसिसला नंबराच्या आसपास वेल्डिंगचा माग, ताजा रंग किंवा ग्राइंडरच्या रेषा दिसल्या की तिथूनच उठायचं. मग खिशातलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवायचं, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. बोटभर जागेत असेल तर ठीक, वीतभर असेल तर पत्रा नाहीच, नुसता लेप आहे. स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकलजवळ आणि केबिन जिथे चेसिसवर बसते तिथे गंज. किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला, चाक हलवून बघा. गाडी थंड असताना स्वतः सुरू करा. विकणाऱ्यानं आधीच गरम करून ठेवली असेल तर बसून चहा घ्या, दुसरा घ्या, थंड होऊ द्या. डिझेलचं खरं रूप थंडीत दिसतं.

आणि सांगली भागातली गाडी असेल तर पुराचं विचारायचंच. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ मध्ये पाणी ५७ च्या वर गेलं होतं. त्या पाण्यात किती गाड्या गेल्या आणि नंतर धुऊन-पुसून घाटावर विकल्या गेल्या, आम्हाला माहीत आहे. चेसिसच्या भोकात बॅटरी मारून बघा. नदीचा गाळ आत बसला की निघत नाही. सीटखालचे स्क्रू गंजलेत आणि सीट नवी, असं दिसलं तर समजा.

पलूसकर_धाकटा
आमच्या शेडला २०१९ मध्ये पाणी लागलं नव्हतं, उंचावर आहे. उलट पुरात तिचीच आठवण आली होती. पण तेव्हा बंद होती आणि बॅटरीही नव्हती. तात्या खिडकीत बसून म्हणाले, "चालू असती तर चार फेऱ्या मारल्या असत्या." तेव्हाच ठरवलं होतं चालू करायचं. केली, पण त्यांच्या नंतर.

उसाचा_फड
❤️

व्याकरणमामा
विषयांतराबद्दल क्षमा. "फाळका" हा शब्द बऱ्याच वर्षांनी वाचला. हौद्याच्या मागच्या झडपेला आमच्या वाई भागात "फळका" म्हणतात असं आठवतं. बरोबर काय?

घाटमाथा_खानापूर
फाळका. "फाळका पाड" म्हटलं की हमाल धावतात. फळका म्हटलं तर फळ्या आणतील.

कमानपाटा
माझ्याकडे येणारा पुण्याचा एकजण "टेलगेट" म्हणतो आणि त्याच कामाचे पाचशे जास्त देतो. मी तिन्ही शब्द वापरतो.

दुबईकर_मिरजेचा
मी घेऊ शकतो. बजेट प्रॉब्लेम नाही. मिरजेत फार्महाउस बांधतोय, दारात उभी करायची आहे. इंजिन काढून हलकी करून द्याल का? हौद्यात फुलझाडं लावायची आहेत. साडेतीन देईन.

स्पॅनर१३
इंजिन काढून?? आत्ताच रिंगा केल्यात हो त्यांनी.

घाटमाथा_खानापूर
पैसे आहेत म्हणून बैलाला शोकेसमध्ये उभा करणार का?

पलूसकर_धाकटा
@दुबईकर_मिरजेचा, साडेतीन हा आकडा वाचून मी दोन तास गप्प होतो, खोटं का बोलू. पण फुलझाडं नकोत. आईला विचारलं, ती म्हणाली, "त्यापेक्षा कोंबड्या ठेव."

कागदोपत्री
@दुबईकर, नुसतं उभं करायचं असलं तरी नावावर करणं किंवा नोंदणी रीतसर रद्द करणं आलंच. आणि @धाकटे, पैसे घेऊन, सही करून गाडी देऊन टाकायचा मोह टाळा. फेब्रुवारी २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. गाडी हातोहात चार जणांना विकली गेली, बुक मात्र पहिल्याच्याच नावावर राहिलं. अपघात झाला, भरपाईची जबाबदारी बुकावर नाव असलेल्या माणसावर आली. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं तीस दिवसांत अर्ज करायचा. फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०. कारखान्याच्या काळातला कर्जाचा बोजा बुकावर असेल तर तो आधी उतरवा. फिटनेस, कर, पर्यावरण कर, विमा, पीयूसी यांतलं काय काय जिवंत आहे?

पलूसकर_धाकटा
काहीच नाही. फिटनेस २०१२ ला संपलंय.

भडंग
गाडी सोडून सगळं मयत.

जुनंबुक
वाचनमात्र होतो, पण एक सुचवावंसं वाटलं. मी आरटीओत कारकून होतो, आता निवृत्त. धाकटे, तुमच्या बुकाची मागची पानं नीट बघितलीत का? १९८९ च्या आधीची बुकं हातानं लिहिलेली असत आणि फेरफाराच्या नोंदी शेवटच्या पानांवर, शिक्क्यासकट. सहकारी कारखान्यांचं ऑडिट व्हायचं, त्यामुळे ते अशी कामं सहसा बिनकागदाची करत नसत. इंजिन बदललं असेल तर नोंद असण्याची शक्यता बरी आहे. शाई उडाली असेल तर कागद उन्हाकडे तिरका धरून बघा. तिथेही सापडलं नाही तर कार्यालयातून बी-एक्स्ट्रॅक्ट काढा, मूळ नोंदवहीचा उतारा मिळतो.

सोनकी
ही सूचना खरंच मोलाची आहे. नोंद सापडली तर मला कळवा. मी गमतीत म्हणत नाहीये.

घाटमाथा_खानापूर
ओहो. ताई पुन्हा जीपच्या वाटेला?

सोनकी
रोपं छोट्या टेम्पोत नेते आता, पण पावसाळ्यात आमच्या आतल्या रस्त्याला फोर बाय फोर लागतंच. पिवळी नाही ना, मग नवरा हो म्हणेल.

पलूसकर_धाकटा
तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण सांगण्यासारखं झालंय.

बुकाचं शेवटून दुसरं पान शेजारच्या पानाला चिकटून बंद होतं, डिंक की गूळ देव जाणे. वाफेवर धरून सोडवलं. आत जांभळा शिक्का, आणि वाचता येईल इतपत अक्षरं: इंधन डिझेल, नवा इंजिन नंबर, १९८४ ची तारीख. @जुनंबुक काका, तुमच्या पायाशी कंदी पेढ्यांचा बॉक्स. (भडंगही पाठवतो, वाद नको.) बी-एक्स्ट्रॅक्टही काढला, त्यातही तेच आहे. ब्लॉकवरचा नंबर घासून बघितला, जुळला.

बहिणींना खरा आकडा सांगितला. थोरली म्हणाली, विक, पण तात्यांचं नाव रंगवलेली जुनी पाटी काढून मला दे. धाकटी म्हणाली, मला काही नको, फक्त एकदा तासगावपर्यंत फिरव. फिटनेस नाही म्हणून बांधावरूनच फिरवली. रडून घेतलं तिनं.

कागदोपत्री
उत्तम. आता रंगाची नोंद करून घ्या, म्हणजे उरले रुंद टायर आणि स्टेअरिंग.

कमानपाटा
टायर उतरवा. मापाचे जुने माझ्याकडे पडलेत, रिमसकट. तुमचे एकतीस इंची कोणीतरी नवीन जीपवाला हातोहात नेईल, तीस हजार तरी वेगळे येतील. आणि स्टेअरिंगचं मूळ खोकं, म्हणजे स्टेअरिंग बॉक्स, ठेवलंय का? ठेवलं असेल तर फिटनेसच्या आधी तेच परत चढवा. दोन दिवसांचं काम.

पलूसकर_धाकटा
खोकं आहे, शेडमध्ये पोत्याखाली. म्हणजे ४८ आणि ३५, ८३ हजारांची हौस उलटी फिरवायची. ठीक आहे.

घाटमाथा_खानापूर
माझे खांदे आत्ताच दुखायला लागले. पण वकीलसाहेबांपुढे काय बोलणार.

सोनकी
रविवारी जाऊन आले. झोपले, बघितलं. केबिनच्या डाव्या पायरीखाली गंज आहे, बाकी चेसिस स्वच्छ, गाळ नाही. थंड इंजिन दुसऱ्या सेल्फला उठलं. काकूंनी मोजून तीन भाकऱ्या वाढल्या. आम्ही ३ लाख १० हजारांवर थांबलो. इसार २५ हजार दिला, पावती केली. पावतीत लिहिलंय की आधी फॉर्म ३१ नं गाडी यांच्या नावावर, मग फिटनेस, मग माझ्या नावावर, आणि उरलेले पैसे तेव्हाच. तोपर्यंत गाडी त्यांच्याच शेडमध्ये.

भडंग
चार लाख घालून तीन दहा. धाकटे, हिशेब काय म्हणतो?

पलूसकर_धाकटा
टायरांचे तीस धरले तर साठ हजारांचा तोटा. एवढ्यात हल्ली साधा वाढदिवस होत नाही. मी वर्षभर रोज संध्याकाळी तिच्याखाली पडून असायचो, ते फुकट धरा.

सोनकी
एकच विनंती. हौद्याच्या फळ्यांखाली घूस राहते आहे, ती किमतीत धरलेली नाही. ताबा देण्याआधी हलवा.

शिराळ्याचा_राजा
नमस्कार, नवीन सदस्य. गाडी अजून आहे का? लास्ट किती?